मस्कीच्या दांडग्या लुअरवर लार्जमाउथ बास लागतो का, आणि लागला तर हातात येतो का

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनियापोलिसजवळ राहणाऱ्या एका भाऊंना शेजाऱ्याने घर सोडताना मस्कीचा (मस्की म्हणजे पाइकच्या जातीचा मोठा शिकारी मासा) आख्खा टॅकल बॉक्स, म्हणजे मासेमारीच्या सामानाची पेटी, देऊन टाकला, आत बहुतेक सात ते बारा इंची लुअर, म्हणजे खोटी आमिषं, आणि भाऊंना मस्कीत काडीचाही रस नाही, त्यांना मोठे लार्जमाउथ बास धरायचेत. तर हे लुअर बासला चालतील का, आहे त्याच बास रॉडवर फेकता येतील का, हुक बदलायला लागतील का आणि कुठे कधी टाकायचे, असं सगळं एकदमच विचारलंय.

चालतात. सगळे नाही, पण चालतात, आणि यात काही नवलही नाही, उन्हाळ्यात मस्कीवाल्यांच्या बोटीत बसलात तर दिसेल की मस्की मिळो न मिळो, मधूनच एखादा जाडजूड बास दहा इंची बकटेलला (फिरणारी पाती आणि केसांचा झुबका असलेला लुअर) लटकून येतो आणि बोटवाला वैतागून त्याला सोडून देतो कारण त्याच्या लेखी तो कचरा. आपल्याला नेमका तोच कचरा हवाय. पण लोक इथे एक गफलत करतात, त्यांना वाटतं मोठा लुअर म्हणजे मोठा मासा, झालं. तसं नसतं. लुअरची लांबी किती यापेक्षा तो बासच्या तोंडात शिरतो कसा याच्यावर सगळं अवलंबून आहे, बाकीचं सगळं, म्हणजे हुक कुठले, लुअर कुठला, झटका कधी मारायचा, हे त्यातूनच येतं.

आता बघा, मस्कीचं तोंड चपटं लांबट, आत सुयांसारखे दात, तो भक्ष्याला आडवा येऊन मध्यावर पकडतो, दातात घट्ट धरतो, मग हळूहळू फिरवून डोक्याकडून गिळतो. म्हणून मस्कीच्या लुअरवर पोटाखाली एक-दोन आणि शेपटीला एक असे ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक, लावलेले असतात, कुठूनही चावला तरी एक तरी लागणार. बासला तसले दात नसतात, नुसता खरखरीत पट्टा असतो, तो चावत नाही, तो तोंड भसकन उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. वीस इंची बासच्या तोंडात आपली मूठ आरामात जाते, पण जे आत जाणारच नाही त्याला तो धडक देतो, ढुशी मारतो, लागत मात्र नाही. तुम्हाला पाण्यावर मोठा भडका दिसतो, हातात काहीच येत नाही, आणि मग माणूस दिवसभर सांगत फिरतो की केवढा होता केवढा होता.

म्हणूनच लांबीपेक्षा उंची बघायची, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतचं माप. आठ इंची सकर मासा सडपातळ असतो, मोठा बास त्याला सहज गिळतो. तेवढाच लांब ब्लूगिल ताटलीसारखा चपटा आणि उंच, वर पाठीवर काटे, तो घशात अडकतो. घशात पर्च (अंगावर पट्टे असलेला छोटा मासा) किंवा ब्लूगिल अडकून मेलेले बास तळ्यांच्या काठाला सापडतात, म्हणजे हावरटपणात तेही कमी नाहीत, पण लुअर निवडताना आपण त्या हावरटपणाच्या भरवशावर राहायचं नाही. तेव्हा बॉक्समधला दहा इंची पण बारीक बकटेल तुम्हाला चालेल, आणि सात इंची पण जाड, उभट लाकडी ठोकळा चालेलच असं नाही.

मोठ्या बासला मोठं खाणं आवडतं हे मात्र वादातीत आहे. जगाचा रेकॉर्ड जॉर्ज पेरी यांचा, जॉर्जियात माँटगोमेरी लेकवर, २ जून १९३२, २२ पौंड ४ औंस. त्याची बरोबरी झाली थेट २००९ साली जपानच्या बिवा तलावात, मानाबू कुरिता यांनी धरलेला बास काट्यावर थोडासा जास्तच होता पण नियमाप्रमाणे दोन औंस जास्त लागतात म्हणून दोघांचा रेकॉर्ड सारखा धरला गेला, आणि कुरितांचं आमिष होतं जिवंत ब्लूगिल. पेरींचा मासा मात्र साध्या लाकडी लुअरवर आलेला, मस्कीच्या मापाचा वगैरे काही नाही, हेही लक्षात ठेवा.

या मोठ्या लुअरच्या वेडाचं मूळ खरं तर दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. सॅन दिएगोच्या तळ्यांमध्ये १९५९ साली फ्लोरिडा जातीचे बास सोडले, ते मुळात जास्त वाढणारे, आणि वरून दर हिवाळ्यात त्या भागातल्या तळ्यांत ट्रकने रेनबो ट्राउट सोडले जातात, म्हणजे बासला घरपोच मेजवानी. कॅसिटास, कॅस्टेइक, डिक्सन या तळ्यांची नावं त्यातूनच झाली. अॅलन कोल यांनी तिथे ट्राउटसारखा दिसणारा लांबलचक लाकडी एसी प्लग बनवला, मग हडलस्टनचे ट्राउटसारखे मऊ लुअर आले, आणि आज बासवाले ज्याला स्विमबेट म्हणतात ते सगळं तिथून पसरलं. आता व्हिडिओ बघून आपले लोक मिनेसोटात तेच करायला जातात. अहो, इथे कुणी ट्रकने ट्राउट आणून टाकत नाही तुमच्या तळ्यात! इथला बास पर्च खातो, ब्लूगिल खातो, क्रेफिश खातो, बेडूक खातो, काही तळ्यांत सिस्को आणि सकर हे मासे मिळतात. तुमच्या तळ्यात सात-आठ इंची सडपातळ मासे भरपूर असतील तर मोठ्या लुअरला अर्थ आहे, नुसते बोटभर ब्लूगिल असतील तर शेजाऱ्याचा बॉक्स गॅरेजमध्येच राहू द्या.

आणि अपेक्षाही जरा जमिनीवर ठेवा. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याचा लार्जमाउथचा रेकॉर्ड ११ पौंड ३ औंस, लेक रिप्ली, १९४०, आणि तो अजून तसाच आहे. मिनेसोटाचा तर नऊ पौंडाच्या आतला. उत्तरेत थंडी मोठी, वाढीचे महिने मोजके, वीस इंची बास व्हायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. तेव्हा इकडे पाच पौंडाचा बास म्हणजे चांगलाच मासा, त्यासाठी बारा इंची लुअर लागत नाही. माझ्या मते आपल्या कामाचा पट्टा सहा ते नऊ इंच, त्यापुढे नुसता खांदा दुखतो. मोठा लुअर टाकला की टोले, म्हणजे माशाचे लुअरवरचे हल्ले, कमी होतात, बारा-चौदा इंची पोरं बरीचशी गाळली जातात, पण सगळी नाही, लुअरएवढाच बास लुअरला लटकून येतो तेही बघायला मिळेल. वसंतात तर हमखास, कारण तेव्हा नर घरट्यावर राखण करत असतात आणि जवळून जाईल त्याच्या अंगावर जातात, भूक नसते, राग असतो. त्यावरून लुअर फार भारी आहे असा निष्कर्ष काढू नका, आणि घरट्यावरचा मासा उचलूही नका, तो हलला की ब्लूगिल दोन मिनिटात अंडी साफ करतात.

आता बॉक्स उघडा.

सगळ्यात आधी पाण्यावर चालणारे काढा, टॉपवॉटर. माझा सगळ्यात जास्त भरवसा यांच्यावर आहे. मागची शेपटी गरगर फिरणारा व्हॉपर प्लॉपर असेल तर बघा कुठल्या मापाचा आहे, १३० आणि १९० असे आकडे असतात ते मिलिमीटर, १३० हा तर बासवालेच वापरतात, १९० मस्कीचा, साधारण साडेसात इंच, पण तोही शांत पाण्यात संध्याकाळी मोठा बास काढतो. टॉप रेडर मिळाला तर उत्तम. मोठ्या मापाचा जिटरबग असेल तर तो रात्रीसाठी बाजूला ठेवा, फ्रेड आर्बोगास्ट यांनी १९३० च्या दशकात काढलेला लुअर, तोंडावर पत्र्याची वाटी, डुबुक डुबुक करत हलत येतो, जुलै-ऑगस्टच्या गरम रात्री लिली पॅडच्या कडेने अगदी हळू ओढायचा, इतका हळू की तुम्हालाच कंटाळा येईल. काळा रंग. रात्री खालून बघणाऱ्या माशाला आकाशासमोर काळाच उठून दिसतो. बाकी रंगांवर फार डोकं घालवू नका, पर्चचे पट्टे, पांढरं पोट, काळा, एवढं पुरतं.

टॉपवॉटरवर झटका मारायची घाई नडते. गावाकडे बेडकाच्या लुअरवर मरळ धरलेली असेल तर हे आधीच माहिती असेल, पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो आणि लुअर माशाच्या तोंडातून बाहेर. इथेही तेच, आवाज झाला तरी रीळ फिरवत राहायचं, वजन हाताला लागलं की मगच रॉड बाजूला ओढायचा. मोठ्या लुअरला बास कधीकधी पहिली नुसती ढुशी मारतो, तेव्हा ओढणं चालू ठेवलं तर दुसऱ्या वेळी धरतो, लुअर काढून घेतलात तर गेला.

मग बकटेल. दोन मोठी पाती, मागे केसांचा किंवा चमकीचा झुबका. डबल काउगर्लसारख्या लुअरला दहा नंबरची दोन पाती असतात, ती पाण्यात एवढी ओढ देतात की तासाभरात मनगट बोलायला लागतं. बासला एवढं लागत नाही, आठ नंबरची पाती असलेला शोगर्ल किंवा त्याहून लहान असेल तर तो घ्या. गढूळ पाण्यात, वाऱ्याने काठ ढवळलेला असताना या पात्यांचा धडधडाट बासला अंगावरच्या संवेदनरेषेने लांबूनच कळतो, दिसायच्या आधी. वापरायची जागा म्हणजे गवताची बाहेरची कडा, विशेषतः कॅबेज, म्हणजे आपली कोबी नव्हे, रुंद पानांची उंच वाढणारी पाणवनस्पती. पाती गवताच्या शेंड्यांना घासून जातील इतक्याच उंचीवरून आणायचा, गुंतला की थांबून एक हिसका द्यायचा, पातं सुटतं, आणि बऱ्याचदा त्या हिसक्यालाच टोला पडतो.

मऊ लुअरमध्ये बुलडॉग असेलच. नऊ इंचीपर्यंत ठीक, मॅग्नम आणि त्यापुढचा पाऊंडर, जो नावाप्रमाणे पौंडभर वजनाचा असतो, ते कुणाला तरी देऊन टाका. लहान मापाचा असेल तर गवताच्या कडेला खोल पाण्यात सोडायचा, ओढायचा, पडू द्यायचा, लार्जमाउथ पडतानाच जास्त घेतो. एक बघून घ्या, शेजाऱ्याने हे मऊ लुअर कडक प्लास्टिकवाल्यांच्या शेजारी ठेवले असतील तर रंग वितळून एकमेकांना चिकटले असतील, ट्रेलाही खड्डे पडतात, ते आधी वेगळे करा.

सुइक हा लाकडी फळीसारखा दिसणारा, शेपटीला पत्र्याचा पंख असलेला, विस्कॉन्सिनच्या अँटिगोचा जुना लुअर, त्याला स्वतःची काहीच हालचाल नाही, रॉडने खाली ओढला की बुडतो, सोडला की शेपटीकडून वर येतो. बास वर येतानाच घेतो, म्हणून प्रत्येक ओढीनंतर थांबायचं, मस्कीवाल्यांसारखं धडाधड ओढत बसायचं नाही. पंख थोडा खाली वाकवला तर जास्त बुडतो. बिलिव्हर, डेप्थ रेडर वगैरे क्रँकबेट, म्हणजे ओढले की बुडणारे लुअर, सहा इंचाच्या आसपासचे असतील तर शरद ऋतूसाठी ठेवा, बाकीचे मला तरी बासला जड वाटतात.

हुकांकडे या. मस्कीच्या लुअरवर जाड तारेचे ट्रेबल असतात, ३/०, ५/०, काहींवर त्याहून मोठे. मस्कीचं हाडकं तोंड फोडायला ते ठीक, बासच्या तोंडाच्या कडेचा पडदा पातळ असतो, जाड हुक तिथे भोक मोठं करतो आणि मासा उडी मारून सुटतो, किंवा उलटं, हुक पुरता रुततच नाही. ५/० काढून २/० किंवा ३/० चे बारीक तारेचे, धारदार लावा, स्प्लिट रिंग, म्हणजे हुक अडकवायची कडी, मात्र जाडच राहू द्या. पोटाखालचा हुक जास्त महत्त्वाचा, कारण मोठं भक्ष्य बास डोक्याकडून किंवा मध्यावरच घेतो, शेपटीचा हुक बऱ्याचदा नुसता गवत गोळा करतो. फक्त एक भानगड आहे, हुक हलके केले की लुअरचा तोल बदलतो, सुइकसारखा तरंगणारा लुअर जास्तच वर तरंगतो आणि बुडेनासा होतो. त्यावर उपाय म्हणजे हुकाच्या दांडीला सोल्डरची तार गुंडाळायची, बाथटबात सोडून बघायचं, हवं तसं तरंगेपर्यंत वेटोळं कमी-जास्त करायचं. हुकाचे उलटे काटे पकडीने दाबून टाका, माशासाठीही आणि तुमच्या बोटांसाठीही.

आहे त्या बास रॉडवर फेकू नका. रॉडवर हँडलच्या वर बारीक अक्षरात लुअरचं वजन लिहिलेलं असतं, साध्या बास रॉडवर बहुतेक एक औंसापर्यंत, आणि तुमच्या बॉक्समधले निम्मे लुअर दोन ते चार औंसांचे असणार. जोरात फेकताना रॉड मोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे रीळात लाईन अडकते, फटकन तुटते आणि तीन औंसांचा लुअर सहा-नऊ गळांसकट कुठेही जातो. बोटीत दुसरा माणूस असेल तर दोघांनीही चष्मा घातलेलाच हवा. साडेसात ते आठ फुटी हेवी रॉड, ३०० किंवा ४०० मापाचं बेटकास्टिंग रीळ, ६५ ते ८० पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली, लाईन, एवढं घ्या. रीळाचा गिअर हळू फिरणारा असला तर बकटेल ओढताना जीव जात नाही. फेकताना मनगटाचा झटका द्यायचा नाही, दोन्ही हातांनी, लुअर टोकापासून हातभर खाली सोडून, गोल फिरवून सावकाश सोडायचा.

ब्रेडला थेट लुअर बांधू नका. मिनेसोटात बहुतेक तळ्यांत नॉर्दर्न पाइक, मस्कीचा दातेरी भाऊबंद, आहेच, त्याच्या दातापुढे ब्रेड म्हणजे काहीच नाही. फूटभर ८० पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे लाईन आणि लुअरमधला मजबूत तुकडा, पुरतो, टॉपवॉटरला सरळ तारेचा लीडर लावला तरी चालेल. बास बिचकतो वगैरे म्हणतात, पण एवढ्या मोठ्या हलत्या लुअरमागे येणारा बास लीडर बघायला थांबत नाही.

जागा विचाराल तर तुमच्या दारातच मिनेटोंका तलाव आहे, तिथे मस्कीही सोडलेत आणि लार्जमाउथही उत्तम, गवताच्या कडा मैलोन्‌मैल. विस्कॉन्सिनकडे गेलात तर मिलवॉकीच्या पश्चिमेला पेवॉकी आणि ओकाची ही तळी, दोन्हीकडे दोन्ही मासे. काळ म्हणाल तर उन्हाळ्यात संध्याकाळ आणि रात्र, टॉपवॉटर आणि बकटेल. मला स्वतःला सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर जास्त आवडतो, तेव्हा बरंचसं गवत तपकिरी होऊन झोपतं आणि जिथे हिरवा कॅबेज उरलाय तिथे पर्च गोळा होतात, त्यांच्यामागे बास. हिरवं गवत शोधायचं, हुकाला लागून आलेलं पान बघायचं, करकरीत हिरवं असेल तर तिथेच थांबायचं, काळं चिकट असेल तर पुढे निघायचं. प्रत्येक फेकीत मोठाच लुअर टाकायचा हट्ट नको, ढुशी मारून न लागलेल्या माशाला लगेच दुसऱ्या रॉडवरून साधा मऊ वर्म, म्हणजे गांडुळासारखा लुअर, टाकला तर तो बऱ्याचदा घेतो. मस्कीचा लुअर निदान मासा कुठे आहे ते तरी सांगतो.

लुअर बोटीजवळ आला की लगेच उचलू नका. मस्कीवाले शेवटी रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठाचा आकार काढतात, बासला एवढं लागत नाही पण एक मोठं वळण द्या, कारण मागे मागे आलेला मोठा बास सरळ चाललेल्या लुअरला नुसता न्याहाळत येतो आणि दिशा बदलली की घेतो. तेव्हा लाईन फार थोडी बाहेर असते, ड्रॅग, म्हणजे रीळाचा ब्रेक, आवळलेला असेल तर हुक फाटून निघतो, म्हणून थोडा सैल ठेवा.

आता एक गोष्ट लिहून ठेवा, बास धरायला गेलात तरी या लुअरवर कधी ना कधी मस्की लागणारच. मिनेसोटात मस्कीचा सीझन जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, त्याआधी मस्कीच्या तळ्यावर दहा इंची लुअर फेकत बसलात आणि वॉर्डन, म्हणजे मासेमारीचे नियम तपासणारा अधिकारी, आला तर तुम्ही बासच धरताय हे पटवता पटवता नाकी नऊ येतील, म्हणून मे महिन्यात हा बॉक्स घरीच ठेवा. सीझनमध्येही ५४ इंचाखालचा मस्की ठेवता येत नाही. त्यामुळे बोटीत मोठं रबरी जाळं, लांब पकड आणि हुक कापायचा कटर या तीन गोष्टी नसतील तर लुअर पाण्यात टाकूच नका. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, आणि खोल गेलेला हुक ओढत बसण्यापेक्षा सरळ कापून टाकायचा, हुक काही डॉलरला मिळतो. बासच्या बाबतीत तर कटर जास्तच लागतो, कारण तोंडापेक्षा मोठ्या लुअरचा सुटा हुक बऱ्याचदा त्याच्या डोळ्याजवळ किंवा कल्ल्याच्या झाकणात रुततो. आणि पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं असेल तर मस्कीच्या तळ्यावर हे लुअर नकोतच, तेवढ्या गरम पाण्यात झुंजलेला मस्की सोडला तरी पुष्कळदा मरतो, त्या आठवड्यांत मस्की नसलेलं एखादं छोटं बासचं तळं शोधा आणि तिथे रात्री जिटरबग ओढा.